तारा कुणाच्या? ब्रिटनमधील ‘मोफत ब्रॉडबँड’च्या वचनाचा प्रकरण अभ्यास

२०१९ च्या नोव्हेंबरात आमच्या रस्त्याच्या तोंडाशी असलेली हिरवी लोखंडी पेटी तंत्रज्ञाने उघडली, तेव्हा मी छत्री धरून त्याच्या शेजारी उभी होते. आत तांब्याच्या बारीक तारांच्या शेकडो जोड्या होत्या. काहींचं वेष्टण कडक होऊन तडकलेलं होतं. त्याने आमची जोडी शोधली, मीटर लावला आणि सांगितलं, की दोष तुमच्या घरात नाही, या पेटीतही नाही, दोष अंतराचा आहे. शेजारच्या दुसऱ्या पेटीपर्यंत फायबर आलेलं होतं. तिथून आमच्या घरापर्यंत एक किलोमीटरहून जास्त तांबं, आणि तांब्यावर अंतर वाढलं की वेग झपाट्याने पडतो. बिल मात्र पेटीला चिकटून राहणाऱ्या घराला येतं तेवढंच आम्हाला येत होतं. पुण्याच्या प्रकाशकाला मोठी फाइल पाठवायची असली, की मी रात्री अपलोडला लावून झोपायचे आणि सकाळी उठून बघायचे, गेली का.

आम्ही तेव्हा वायव्य इंग्लंडमधल्या लँकेस्टरजवळ, लून नदीच्या खोऱ्यात राहायचो. म्हणून १५ नोव्हेंबरला, शुक्रवारी, विरोधी मजूर (लेबर) पक्षाचे नेते जेरेमी कॉर्बिन आणि त्याच पक्षाचे अर्थविषयक प्रवक्ते जॉन मॅकडॉनेल यांनी लँकेस्टरमध्येच येऊन ती घोषणा केली, तेव्हा ती मला दूरची बातमी वाटली नाही. २०३० पर्यंत देशातल्या प्रत्येक घराला आणि व्यवसायाला फायबर, तेही मोफत, आणि ते देणार सरकारी मालकीची संस्था, ‘ब्रिटिश ब्रॉडबँड’. संसदेच्या निवडणुकीचं मतदान १२ डिसेंबरला होतं. चार आठवडे या एका वचनावर इतकी चर्चा झाली, आणि तरी ज्या प्रश्नावर व्हायला हवी होती त्यावर झाली नाही. तो सारा प्रवास इथे मांडते आहे.

वचनात नेमकं काय होतं

मजूर पक्षाची योजना बरीच तपशीलवार होती. बीटी, म्हणजे पूर्वीची ब्रिटिश टेलिकॉम, या कंपनीची ओपनरीच ही शाखा, म्हणजे खांब, जमिनीखालच्या नळ्या, पेट्या आणि तारा सांभाळणारी, सरकार ताब्यात घेणार होतं. सोबत बीटीचा तंत्रज्ञान विभाग, व्यावसायिक सेवा आणि घरगुती ग्राहकांचा विभागही. भागधारकांना रोख पैसे न देता सरकारी रोखे मिळणार होते आणि त्यांची किंमत संसद ठरवणार होती. जाळं उभारायला सुमारे २० अब्ज पौंड. त्यातले ५ अब्ज हुजूर (कंझर्व्हेटिव्ह) पक्षाच्या बोरिस जॉन्सन यांच्या सरकारने आधीच कबूल केलेले, उरलेले १५.३ अब्ज मजूर पक्षाच्या हरित परिवर्तन निधीतून. जाळं चालवायचा वर्षाचा खर्च २३ कोटी पौंड, आणि तो अ‍ॅमेझॉन, फेसबुक, गूगल यांसारख्या बहुराष्ट्रीय कंपन्यांवरच्या करातून निघेल, असा हिशेब होता.

गरज खरी होती. त्या वेळी ब्रिटनमध्ये घरापर्यंत फायबर पोहोचलेल्या इमारती जेमतेम १० टक्के होत्या. मॅकडॉनेल जपानचे ९७ आणि दक्षिण कोरियाचे ९८ टक्के सांगत होते. ज्या देशाने फायबरवरचं सुरुवातीचं बरंच संशोधन केलं, त्याची ही अवस्था.

एकच जाळं विणण्यामागचा तर्कही वाऱ्यावरचा नव्हता. फायबरची काच महाग नसते, महाग असते ती खोदाई. एकाच रस्त्यावर तीन कंपन्यांनी तीन चर खणले, तर खर्च तिप्पट होतो आणि ग्राहक तेवढेच राहतात. उलट ज्या रस्त्यावर दहाच घरं आहेत, तिथे एकही कंपनी फिरकत नाही. हुजूर सरकारने २०१८ मध्ये फ्रंटियर इकॉनॉमिक्सकडून एक अभ्यास करून घेतला होता. त्यातली एकच राष्ट्रीय जाळं बांधण्याची आकडेमोड मजूर पक्षाने आधाराला घेतली. म्हणजे पाया विरोधकांच्याच दप्तरातला होता.

गदारोळ

सकाळी बाजार उघडताच बीटीचा शेअर घसरला. त्या दिवशीच टॉकटॉक या ब्रॉडबँड कंपनीने फायबरनेशन या आपल्या कंपनीच्या विक्रीची बोलणी थांबवली. बीटीचे प्रमुख फिलिप जॅनसेन यांनी सांगितलं, की जाळं बांधायचं आणि वर सेवा फुकट द्यायची, तर आठ वर्षांत खर्च १०० अब्ज पौंडांच्या जवळ जाईल. जॉन्सन यांनी ही वेडगळ योजना ठरवली. ‘ब्रॉडबँडचा साम्यवाद’ हा शब्दप्रयोग दुपारपर्यंत सगळीकडे झाला.

लोकांचं मत मात्र वेगळं होतं. यूगव्ह या जनमत संस्थेच्या झटपट चाचणीत ६२ टक्क्यांनी मोफत ब्रॉडबँडला पाठिंबा दिला, २२ टक्क्यांनी विरोध केला. बीटीचा तो भाग सरकारने घ्यावा का, असं विचारल्यावर पाठिंबा बराच खाली आला. या दोन उत्तरांमधल्या फटीतच हे सारं प्रकरण आहे. लोकांना वस्तू हवी होती, मालकीबद्दल त्यांचं मन ठरत नव्हतं. आणि मालकीबद्दल त्यांच्याशी नीट बोलायला कुणाकडे वेळही नव्हता.

आमच्या दारात एका संध्याकाळी मजूर पक्षाची कार्यकर्ती आली, भिजलेली, हातात पत्रकं. शेजारच्या आजी माझ्याकडे चहाला बसल्या होत्या. ऐंशीच्या घरातल्या, हयात शेतावर गेलेली. त्यांनी तिला दोन प्रश्न विचारले. पहिला, “फुकट म्हणजे भरणार कोण?” त्याचं उत्तर तिला पाठ होतं. दुसरा प्रश्न होता, “आणि आमच्या वस्तीवर कोणत्या साली येणार?” त्यावर ती प्रामाणिकपणे म्हणाली, की ते तिला माहीत नाही, पण शेवटच्या घरापर्यंत येणार एवढं नक्की. आजींनी पत्रक घडी करून पर्समध्ये ठेवलं. नंतर मला म्हणाल्या, १९७० च्या सुमारास टेलिफोन पोस्ट खात्याकडे होता, तेव्हा आम्ही कनेक्शनसाठी किती थांबलो ते मला आठवतं, आणि कंपनी झाल्यावर या ब्रॉडबँडसाठी किती थांबलो तेही आठवतं.

मराठी वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. आमच्या आईवडिलांच्या पिढीने टेलिफोनसाठी वर्षानुवर्षं नाव नोंदवून वाट पाहिलेली आहे. ‘मोफत’ म्हटलं की आपल्याकडे ‘रेवडी’ हा शब्द आधी जिभेवर येतो आणि तिथेच विचार थांबतो. त्या रात्री मी साताऱ्याला फोन लावला. माझे वडील टेलिफोन खात्यात लाइनमनपासून वर चढत गेलेले, निवृत्त होईपर्यंत खात्याचं बीएसएनएल झालेलं. मी म्हटलं, “बाबा, इथे सरकार इंटरनेट फुकट देणार म्हणतंय.” त्यांनी फुकटकडे लक्षच दिलं नाही. म्हणाले, “ते राहू दे गं. तारा कुणाच्या होणार? आणि खांब? खांब ज्याचा, त्याचं लाइनीवर राज्य.”

तारांचा इतिहास

हा प्रश्न ब्रिटनने यापूर्वी किमान तीनदा सोडवायला घेतला आणि तिन्ही वेळा अर्धवट सोडला.

१९८१ मध्ये टेलिफोन पोस्ट खात्यातून वेगळा काढून ब्रिटिश टेलिकॉम केलं गेलं. १९८४ च्या नोव्हेंबरात थॅचर सरकारने त्याचा निम्म्याहून थोडा जास्त हिस्सा बाजारात विकला, उरलेला १९९१ आणि १९९३ मध्ये. सेवेसोबत खांब, नळ्या आणि तारा, सारं एकाच कंपनीच्या हाती गेलं. सरकारी मक्तेदारीची जागा खासगी मक्तेदारीने घेतली आणि तिच्यावर लक्ष ठेवायला नियामक बसवला.

बीटीचे एके काळचे तंत्रज्ञानप्रमुख पीटर कॉक्रेन यांनी पुढे सांगितलं, की बीटी ऐंशीच्या दशकातच घरोघरी फायबर नेण्याच्या तयारीत होती, त्यासाठी कारखानेही उभे केले होते, आणि १९९० मध्ये सरकारने ते थांबवलं. सरकारला भीती होती, की बीटी सगळं बळकावेल आणि केबल टीव्हीच्या नव्या कंपन्यांना जागाच उरणार नाही. हे त्यांचं म्हणणं आहे, आणि ते त्या कामात असल्यामुळे एका बाजूचं आहे. पण १९९१ मध्ये बीटीला स्वतःच्या तारांवरून टीव्ही दाखवायला दहा वर्षं बंदी घातली गेली, ही नोंदलेली गोष्ट आहे. टीव्हीचं उत्पन्न नाही, तर त्या काळी घरापर्यंत फायबर नेण्यात कंपनीला फायदा तो काय?

मग २००६ मध्ये ऑफकॉम या नियामकाने बीटीमध्येच एक भिंत घालून ओपनरीच तयार केली, जेणेकरून स्काय आणि टॉकटॉक यांसारख्या प्रतिस्पर्धी कंपन्यांना त्याच तारा त्याच अटींवर मिळाव्यात. ती भिंत पातळ आहे अशी तक्रार दहा वर्षं चालली, तेव्हा २०१७ मध्ये ओपनरीचला कायद्याने वेगळी कंपनी करायचं ठरलं. पण मालकी बीटीचीच राहिली. गुंतवणूक किती करायची, तांब्यावर अजून किती वर्षं कमवायचं, हे अखेर त्याच घरात ठरत राहिलं. आमच्या रस्त्याच्या तोंडाशी फायबर येऊन थांबलं, ते याच हिशेबापोटी.

याच काळात दोन ठिकाणी वेगळं काही घडलं, आणि प्रचारात दोन्हींचा पुरेसा उल्लेख झाला नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

एक म्हणजे हल शहर. तिथल्या नगरपालिकेने १९०४ मध्ये स्वतःचा टेलिफोन सुरू केला आणि तो कधीच राष्ट्रीय जाळ्यात विलीन केला नाही. ब्रिटनभर फोनच्या टपऱ्या लाल, हलमध्ये मात्र फिक्या दुधी रंगाच्या. १९९९ मध्ये पालिकेने कंपनी शेअर बाजारात आणली आणि २००७ मध्ये आपला उरलेला हिस्सा विकला. २०१९ मध्ये हल हे संपूर्ण फायबर असलेलं ब्रिटनमधलं पहिलं शहर ठरलं. हे उदाहरण दोन्ही बाजूंना घ्यावंसं वाटेल. पायाभरणी सार्वजनिक, फायबर टाकलं ते खासगी झाल्यावर. मला त्यातून दिसतं ते वेगळंच: सगळं शहर एकाच मालकाच्या तारांवर होतं आणि त्या मालकाला जायला दुसरं शहर नव्हतं. म्हणून काम पूर्ण झालं.

दुसरं ठिकाण आमच्या खोऱ्यातलं. ‘ब्रॉडबँड फॉर द रूरल नॉर्थ’, लोकांच्या तोंडी ‘बार्न’. २०११ मध्ये गावकऱ्यांनी काढलेली ही लोकहिताची संस्था. शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीतून केबल न्यायला भाडं घेतलं नाही. लोकांनी शेअर घेतले, आणि ज्यांच्याकडे पैसे नव्हते त्यांनी खोदाई करून तिच्या मोबदल्यात शेअर घेतले. मी एका शनिवारी पलीकडच्या गावात ते काम पाहायला गेले होते. ट्रॅक्टरमागे नांगरासारखं अवजार, त्याच्या फाळातून केशरी नळी जमिनीत उतरत होती, आणि मागून दोन पोरं मातीचा तुटलेला थर पायाने दाबत चालली होती. दगडी कुंपण आलं की थांबायचं, खालचे चार दगड काढायचे, नळी पार करायची, दगड पुन्हा जसेच्या तसे रचायचे. तेव्हा महिना ३० पौंडांत सेकंदाला एक गिगाबिट वेग, अपलोडचा वेगही तेवढाच. मोफत नाही. सरकारीही नाही. पण सामाईक मालकीचं. कॉर्बिन ज्या शहरात बोलायला उभे होते, तिथून ही गावं हाकेच्या अंतरावर आहेत.

हिशेब कुठे सुटला

माझ्या मते मजूर पक्षाने तीन वेगळी वचनं एका दोरीत बांधली. जाळं सगळीकडे नेणं, ते सार्वजनिक मालकीचं करणं आणि सेवा मोफत देणं. पहिलं सर्वमान्य होतं. दुसऱ्याला इतिहासाचा भक्कम आधार होता. तिसरं सर्वांत कच्चं होतं आणि मथळा त्याचाच झाला.

कच्चं का, ते पाहू. पक्षच सांगत होता की माणशी महिन्याला सरासरी ३०.३० पौंड वाचतील. ब्रिटनमध्ये पावणेतीन कोटींच्या आसपास कुटुंबं आहेत. प्रत्येक कुटुंबाचं एक बिल धरलं, तरी माझ्या ढोबळ गुणाकारात वर्षाला सुमारे १० अब्ज पौंड लोकांच्या खिशात राहतात. ते ज्या कंपन्यांकडे जायचे, तिथे ग्राहकसेवा, राउटर, दुरुस्ती आणि पगार त्यातूनच चालायचे. जाहिरात, बिलं, ग्राहक पळवापळवी हा खर्च उडाला असता हे मान्य. पण १० अब्जांच्या जागी २३ कोटी, ही उडी फार मोठी आहे. स्काय, व्हर्जिन, व्होडाफोन यांच्या ग्राहकांचं आणि कर्मचाऱ्यांचं काय, याला ‘बोलणी करू’ एवढंच उत्तर होतं. बीटीच्या अवाढव्य पेन्शन निधीचा प्रश्नही तसाच.

ऑस्ट्रेलियाने २००९ मध्ये सरकारी फायबरचं जाळं बांधायला घेतलं, तेव्हा ते मोफत नव्हतं. सरकारी कंपनी तारा बांधेल आणि सर्व सेवादारांना घाऊक दराने देईल, अशी ती रचना होती. २०१३ मध्ये सरकार बदललं, नव्या सरकारने अनेक घरांसाठी पुन्हा जुनं तांबं वापरायचं ठरवलं आणि काम बिघडलं. सार्वजनिक मालकीला खरा धोका कुठून येतो, ते त्यावरून कळतं: दहा वर्षांचं काम आणि तीन-पाच वर्षांची सरकारं. लँकेस्टरच्या भाषणाला खरं तर याचं उत्तर द्यायला हवं होतं. २०२४ मध्ये दुसरा पक्ष आला तर हे जाळं कसं टिकेल?

घाऊक तारा सार्वजनिक, सेवा विकायला कंपन्या मोकळ्या, गरिबांना मोफत, शेवटची वस्ती आधी. असं वचन दिलं असतं तर ‘साम्यवाद’ म्हणणाऱ्यांना एवढं सोपं गेलं नसतं. पण वेळही तशी नव्हती. रेल्वे, पाणी, वीज, टपाल, सगळंच परत घेण्याची वचनं एकाच जाहीरनाम्यात होती. तो प्रसिद्ध झाल्यावर काही दिवसांतच १९५० च्या दशकात जन्मलेल्या महिलांच्या पेन्शनभरपाईसाठी ५८ अब्ज पौंडांचं आणखी एक वचन आलं, ज्याची तरतूद जाहीरनाम्यात नव्हती. माणूस एका वचनावर विश्वास ठेवतो, दहांवर नाही. हुजूर पक्षाला ३६५ जागा मिळाल्या, आणि मजूर पक्षाचा १९३५ नंतरचा सर्वांत मोठा पराभव झाला. ब्रेक्झिट हे मुख्य कारण, यात शंका नाही. पण मजूर पक्षातल्याच ‘लेबर टुगेदर’ या गटाच्या २०२० च्या परीक्षणातही नोंदलं गेलं, की सुटी धोरणं लोकांना आवडत होती, एकत्र गाठोडं त्यांना पेलण्यासारखं वाटलं नाही.

जिंकलेल्यांच्या वचनाचं काय झालं, हेही तितक्याच काटेकोरपणे पाहायला हवं. जॉन्सन यांनी नेतेपदाच्या शर्यतीत २०२५ पर्यंत सर्वांना फायबर म्हटलं होतं. पंतप्रधान झाल्यावर ‘फायबर’ जाऊन ‘गिगाबिट क्षमता’ आलं, म्हणजे व्हर्जिनची सुधारलेली केबलही चालेल. २०२० च्या नोव्हेंबरात ‘सर्वांना’ जाऊन ‘किमान ८५ टक्के’ आलं, आणि ५ अब्जांपैकी १.२ अब्जच त्या मुदतीत खर्चायचं ठरलं. २०२२ मध्ये देशभर पोहोचायची नवी मुदत दिली गेली: २०३०. तीच, ज्या सालाची चेष्टा झाली होती.

मधल्या काळात, मतदानानंतर जेमतेम साडेतीन महिन्यांत, २३ मार्च २०२० ला लॉकडाउन लागला. शाळा घरात आल्या. ऑफकॉमच्या अंदाजाने ११ ते १८ लाख मुलांच्या घरी लॅपटॉप, टॅबलेट, संगणक यांतलं काहीच नव्हतं, आणि सरकारला लॅपटॉपसोबत ४-जी राउटर वाटावे लागले. आमच्या वस्तीवरचा एक मुलगा अभ्यास उतरवून घ्यायला रोज चर्चच्या आवारातल्या बाकावर, थंडीत, टोपी ओढून बसायचा. तिथे सिग्नल यायचा.

खासगी गुंतवणुकीने पुढे मोठं काम केलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. २०२४ च्या जुलैपर्यंत ६९ टक्के घरांपर्यंत फायबर पोहोचलं. मला ते अपेक्षित नव्हतं आणि ते मी मान्य करते. पण ते कसं झालं तेही बघा. ऑफकॉमने फायबरच्या दरांवर बराच काळ मर्यादा न घालण्याचं आश्वासन दिलं, सरकारने यंत्रसामग्रीवरच्या गुंतवणुकीला १३० टक्के करवजावट दिली. शहरांत एकेका रस्त्यावर दोन-तीन कंपन्यांचे चर झाले. खुद्द हलमध्ये नव्या कंपन्यांनी स्वतःचे लाकडी खांब रोवायला घेतले, तेव्हा लोक घरांपुढे उभे राहून अडवू लागले, कारण ओपनरीचच्या नळ्या वाटून वापरायचा नियम तिथल्या जुन्या कंपनीला लागू नव्हता. आणि दर? २०२३ मध्ये बीटीने चालू करारातच १४.४ टक्के वाढ केली. गरिबांसाठीच्या सवलतीच्या योजना होत्या, पण त्याच वर्षीच्या ऑफकॉमच्या अहवालात ४३ लाख पात्र कुटुंबांपैकी फक्त २.२ लाखांनी त्या घेतल्याचं दिसलं. शेजारच्या आजी त्या उरलेल्यांपैकी एक. पेन्शन क्रेडिट, म्हणजे कमी उत्पन्नाच्या वृद्धांना मिळणारी सरकारी मदत, घेणाऱ्या बाईला स्वस्त ब्रॉडबँड मिळतं, हे त्यांना कुठल्याच बिलावर दिसलं नव्हतं. मी फोन लावून दिला, तेव्हा पाऊण तास संगीत ऐकलं.

२०२४ मध्ये मजूर पक्ष सत्तेत आला. जाहीरनाम्यात २०३० पर्यंत पूर्ण गिगाबिट होतं, मालकीबद्दल काही नव्हतं. त्याच ऑगस्टमध्ये बातमी आली, की बीटीचा २४.५ टक्के हिस्सा सुनील मित्तल यांचा भारती समूह विकत घेणार. त्याआधीपासून १२ टक्के जर्मनीच्या डॉइश टेलिकॉमकडे आहेत, आणि डॉइश टेलिकॉममध्ये जर्मन सरकारचा मोठा वाटा आहे. साताऱ्याला फोनवर मी हे सांगितलं. बाबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे त्या तारांमध्ये एका सरकारचा हिस्सा आहेच की. फक्त तिथल्या सरकारचा नाही.”

आमच्या रस्त्यावर फायबर २०२३ च्या शरद ऋतूत आलं, चौथ्या घरापर्यंत. आजींचं घर सहावं. तांब्यावरची जुनी टेलिफोन सेवा २०२७ च्या जानेवारीअखेर बंद करायचं ठरलं आहे, आणि त्याआधी त्यांच्याकडे काय बसवणार, हे विचारायला त्यांनी तीन पत्रं हाताने लिहून पाठवली आहेत. तिसरं मी स्वतः पेटीत टाकून आले.